गोठा, शेत, दवाखाना : नमाजेसाठी पाकी कशी राखायची

माझ्या आजोबांनी आयुष्याचे शेवटचे सात महिने नमाज पढली नाही. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, लघवीची नळी आणि पिशवी लागली, आणि त्यांनी जानमाज (नमाजेची सतरंजी) घडी करून फळीवर ठेवून दिली. विचारलं तर म्हणायचे, "पिशवी लायेल शे, मंग नमाज कशी व्हई?" एक वक्त न चुकवणारा माणूस पडल्या पडल्या अजान ऐकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. अशा आजाऱ्यासाठी शरीअतमध्ये पूर्ण सोय आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला ते कळलं त्यांच्या इंतकालानंतर दोन वर्षांनी.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि मसाइलची, म्हणजे धर्मातल्या नियमांची, पुस्तकं सगळी उर्दूत. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या कितीतरी तडवी, पिंजारी, मणियार घरांत हीच गत आहे. कुरआन अरबीत पढता येतं, पण पाकी-नापाकीचा (शुद्ध-अशुद्धतेचा) प्रश्न पडला की उत्तर कुठे शोधायचं ते कळत नाही. बायकांची अडचण याहून मोठी. मौलानांना विचारायची लाज वाटते, सासूला विचारायची भीती. हजरत उम्मे सुलैम यांनी पैगंबरांना (स.) बाईला स्वप्नदोष झाला तर गुस्ल (पूर्ण अंगाची आंघोळ) लागतो का, हे समोर उभं राहून विचारलं होतं. अल्लाह खरी गोष्ट सांगायला लाजत नाही, अशी त्यांच्या प्रश्नाची सुरुवात होती. आज तो मसला आपल्याला माहीत आहे तो त्यांनी विचारलं म्हणूनच.

खान्देशात बहुतेक मशिदी हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या पंथाच्या आहेत, म्हणून पुढचं सगळं हनफी फिकहप्रमाणे (धर्मनियमांप्रमाणे) लिहिलं आहे. अहले हदीस मंडळींचं किंवा कोकणातल्या शाफई नातेवाइकांचं काही मसल्यांत वेगळं मत आहे. जिथे फरक मोठा आहे तिथे तो सांगते.

आधी हे दोन प्रकार वेगळे करा

नापाकी दोन तऱ्हेची असते, आणि निम्मा गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो.

पहिली आहे हदस. ती माणसाची अवस्था आहे, डोळ्यांना दिसत नाही. वारा सरला की वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी) तुटतो, पण कपड्याला काहीच लागलेलं नसतं. छोट्या हदसला वजू लागतो, मोठ्याला गुस्ल.

दुसरी नजासत, म्हणजे प्रत्यक्ष घाण : लघवी, शी, वाहतं रक्त, पू, शेण. ही अंगावर, कपड्यावर किंवा जागेवर लागते आणि धुतली की जाते.

आता उदाहरण घ्या. वजू करून तुम्ही गोठ्याशेजारून मशिदीकडे निघालात आणि पाय शेणात पडला. वजू तुटला का? नाही. पाय धुवा आणि पुढे चला. तसंच बाळाने मांडीवर सू केली तर आईचा वजू शाबूत असतो, फक्त कपडा बदलायचा आणि अंगाची तेवढी जागा धुवायची. उलट नुसता वारा सरला तर वजू पुन्हा करायचा, पण इस्तिंजा (शौच-लघवीनंतरची धुलाई) करायची गरज नाही. एवढं नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

नमाजेआधी चार गोष्टी पाक लागतात : अंग हदसपासून, अंग नजासतीपासून, कपडा आणि जागा. 

इस्तिंजा

हदीसमध्ये दोन कबरींचा किस्सा आहे. पैगंबर (स.) तिथून जात होते आणि त्यांनी सांगितलं की या दोघांना अजाब (शिक्षा) होतो आहे. त्यातल्या एकाचा गुन्हा असा, की तो लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला जपत नव्हता. म्हणून इथे घाई करू नका.

बसताना किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड नको आणि पाठही नको. मक्का आणि जळगाव जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही एकवीसच्या आसपास. त्यामुळे आपला किब्ला जवळजवळ सरळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. नवं घर बांधताना संडासाचं भांडं उत्तर-दक्षिण बसवायला गवंड्याला आधीच सांगून ठेवा. नंतर फरशी फोडावी लागते.

डाव्या हाताने धुवा. शेतात पाणी नसेल तर मातीची ढेकळं चालतात. हाड, शेण आणि खाण्याची वस्तू वापरायची मनाई आहे. पुरुषांनी लघवीनंतर लगेच उठू नये. थोडं खाकरावं, दोन पावलं चालावं, थेंब थांबल्याची खात्री करून मग धुवावं. बायकांना हे करायची गरज नाही, थोडं थांबून धुतलं की झालं.

यातूनच काहींना वहम जडतो. धुऊन उठले की वाटतं थेंब आला, परत धुतात, परत तेच. एकेका वक्ताला अर्धी बादली संपते आणि मशिदीतली एकत्र नमाज निघून जाते. अशा माणसाने धुतल्यावर सलवारीच्या त्या भागावर हाताने थोडं पाणी शिंपडावं. मग ओल जाणवली तरी ती त्या पाण्याची समजावी. शरीअतचा कायदा पक्का आहे : खात्री शंकेने मोडत नाही. पोटात गुडगुड होऊन नमाजेत शंका आली, तर आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नका, असं हदीसमध्ये स्पष्ट आलं आहे.

एका तांब्यात वजू

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, विहिरी तळ गाठतात आणि नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. अशा वेळी लोक म्हणतात, प्यायला पाणी नाही, वजू कुठून करू? पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वजू करायचे. मुद्द म्हणजे पाऊण ते एक लिटर, पंथांप्रमाणे हिशेब थोडा बदलतो. पाण्याची साधी बाटली तेवढीच असते. नळ सोडून वजू केला तर याच्या कितीतरी पट पाणी जातं. म्हणून बधना (तोटीचा लोटा) किंवा तांब्या घ्या आणि बसून करा.

कुरआनच्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत वजूचे चार फर्ज (सक्तीच्या गोष्टी) आले आहेत : चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याचा मसह करणं (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसकट पाय धुणं. बाकीचं सुन्नत (पैगंबरांची रीत) आणि मुस्तहब (केलं तर चांगलं). क्रम असा ठेवा.

मनात नियत करून बिस्मिल्लाह म्हणा. दोन्ही हात मनगटापर्यंत धुवा. तीनदा चूळ भरा, रोजा नसेल तर घशापर्यंत गुळण्या करा. तीनदा नाकात पाणी घेऊन डाव्या हाताने साफ करा. मग चेहरा, कपाळावरच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दाट दाढीत ओली बोटं फिरवा. आधी उजवा आणि मग डावा हात कोपरासकट. कोपर हमखास कोरडा राहतो, विशेषतः शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या नाहीत तर. मग हात ओले करून पूर्ण डोक्यावर फिरवा. फर्ज चौथाई डोक्याचा आहे, पूर्ण करणं सुन्नत. त्याच ओल्या बोटांनी कान आतून-बाहेरून. शेवटी उजवा आणि डावा पाय घोट्यासकट, बोटांच्या फटींत करंगळी घालून.

पाणी अगदीच कमी असेल तर प्रत्येक अवयव एकेकदाच धुतला तरी वजू पूर्ण होतो. पैगंबरांनीही (स.) असा वजू केल्याचं हदीसमध्ये आहे. मात्र सुईच्या टोकाएवढी जागाही कोरडी राहता कामा नये.

टाचांकडे जास्त लक्ष द्या. घाईत टाचा कोरड्या ठेवणाऱ्यांना हदीसमध्ये कडक इशारा आहे, आणि काळ्या मातीत राबणाऱ्यांच्या टाचांना तर भेगा पडलेल्या असतात. भेगेत मलम किंवा मेण भरलेलं असेल आणि ते काढल्याने त्रास होत असेल तर वरून पाणी वाहू द्या. पाणीही सोसत नसेल तर ओला हात फिरवा.

थर आणि रंग यांतला फरकही समजून घ्या. मेहंदीचा रंग, हळद, केळीच्या चिकाचा काळा डाग यांनी वजू अडत नाही, कारण पाणी कातडीला लागतं. घड कापणाऱ्यांच्या हातावर तो डाग कितीतरी दिवस राहतो, त्याची चिंता नको. पण चिकाचा वाळलेला जाड थर, नखात सुकलेली कणीक, ऑइलपेंट, नेलपॉलिश हे पाणी अडवतात, ते काढावंच लागतं. रावेरकडे केळी कापायला जाणारे बरेच जण वजूआधी हाताला तेल चोळून चीक सोडवतात, ती पद्धत चांगली. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलेल्या अंगावरून पाणी ओघळलं तरी वजू होतो.

वजू कशाने तुटतो

पुढच्या-मागच्या वाटेने काहीही बाहेर आलं, तोंडभर उलटी झाली, आडवं पडून किंवा टेकून झोप लागली, बेशुद्धी आली, नशा चढली, किंवा मोठ्या माणसाला रुकू-सज्द्याच्या (वाकण्या-डोकं टेकण्याच्या) नमाजेत खदखदून हसू आलं, तर वजू तुटतो. शेवटचा मसला फक्त हनफींचा आहे.

रक्ताचं थोडं तपशिलात सांगते. हनफी मतात रक्त जागेवरून वाहिलं तर वजू तुटतो. शाफई आणि अहले हदीस मतात तुटत नाही. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात. लाल ठिपका दिसला आणि तिथेच थांबला तर वजू राहिला. थेंब फुटून ओघळला तर गेला. पुसला नसता तर वाहिला असता, असं वाटत असेल तरी गेलाच धरा. रक्त तपासायला सिरिंजभर काढलं तर वजू तुटतो. डास किंवा ढेकणाचं रक्त कपड्याला लागलं तर काही नाही, ते पाक आहे. मासळीचं रक्तही तसंच.

खाण्यापिण्याने, बाळाला पाजण्याने, नखं काढण्याने, शिवी दिल्याने किंवा कपडे बदलताना स्वतःचं अंग दिसल्याने वजू तुटत नाही. शिवीचा गुनाह होतो, तो मसला वेगळा.

शेण, शेळ्या आणि गोधडी

आपल्या भागात याचेच प्रश्न सगळ्यात जास्त, आणि छापील पुस्तकांत त्यांना सगळ्यात कमी जागा.

नजासतीचे दोन दर्जे आहेत. जड म्हणजे गलीजा : माणसाची लघवी आणि शी, वाहतं रक्त, दारू, कोंबडी-बदकाची विष्ठा. हलकी म्हणजे खफीफा : गाय, बैल, म्हैस, शेळी यांची लघवी. गाई-म्हशींचं शेण आणि शेळीच्या लेंड्या इमाम अबू हनीफांकडे जड, तर त्यांच्या दोन शागिर्दांकडे हलक्या गणल्या आहेत. सावधगिरी म्हणून जडच धरावं.

जड नजासत पातळ असेल तर तळहाताच्या खळग्याएवढी आणि घट्ट असेल तर साधारण साडेचार ग्रॅमपर्यंत माफ आहे. त्याहून जास्त असताना पढलेली नमाज होत नाही. माफीच्या हद्दीतली असली तरी, कळल्यावर पाणी हाताशी असताना तशीच ठेवून पढणं मकरूह (नापसंत). हलकी नजासत कपड्याच्या त्या भागाच्या, म्हणजे बाहीच्या, पदराच्या किंवा धोतराच्या सोग्याच्या, चौथाईपेक्षा कमी असेल तर नमाज होते. शेळ्या राखणाऱ्याला ही केवढी मोठी सवलत आहे! कासेखाली बसताना उडालेल्या चार शिंतोड्यांसाठी नमाज सोडायची नाही. सुईच्या टोकाएवढे बारीक शिंतोडे तर माणसाच्या लघवीचे असले तरी माफ आहेत.

कबूतर, चिमणी, साळुंकी यांची विष्ठा पाक. कौलातून जानमाजेवर पडली तर पुसा आणि पढा.

पावसाळ्यात गल्लीतला चिखल उडतोच. त्यात नजासत डोळ्यांनी दिसत नसेल तर तो माफ आहे. कुत्रं कोरड्या अंगाने घासून गेलं तर कपडा नापाक होत नाही. त्याची लाळ लागली तर धुवावा लागतो. मांजराने तोंड लावलेलं पाणी नापाक नाही, दुसरं पाणी असताना ते वापरणं तेवढं टाळावं.

गोवऱ्या थापणाऱ्या बाईने शेण निघेपर्यंत हात धुवावेत. वास राहिला तर राहू द्या. नजासत दिसणारी असेल तर तिचा अंश जाणं पुरेसं असतं. साध्या धुण्याने न निघणारा डाग आणि वास माफ. गोवरी जळून राख झाली की ती राख पाक, चुलीवरची भाकरी पाक, आणि राखेने घासलेली भांडीही.

शेणाने सारवलेली जमीन मात्र वेगळी. नुसती लघवी पडलेली मातीची जमीन वाळून खूण आणि वास गेला की नमाजेसाठी पाक होते. सारवणात शेण वाळलं तरी तिथेच असतं. म्हणून त्यावर कोरडी जाड चटई, सतरंजी किंवा जानमाज टाका आणि निश्चिंत पढा. सारवण ओलं असेल आणि ओल वर येत असेल तर थांबा.

कपडा धुण्याची पद्धत अशी. दिसणारी नजासत निघेपर्यंत धुवा. लघवीसारखी वाळल्यावर न दिसणारी असेल तर तीनदा नवं पाणी घ्या आणि दरवेळी पिळा, शेवटचा पिळा जोर लावून. वाहत्या नळाखाली किंवा पाटाच्या पाण्यात भरपूर पाणी आरपार गेलं तर मोजायची गरज नाही. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे असतील तर बाळाचे लंगोट आधी नळाखाली काढून घ्या, नाहीतर एका लंगोटाचं पाणी सगळ्या कपड्यांना लागतं. बाळ मुलगा असो की मुलगी, नुसतं दूध पिणारं असलं तरी हनफी मतात लघवी धुवावीच लागते.

गोधडी पिळता येत नाही. तिच्या नापाक भागावर पाणी ओता, दोरीवर टाका, थेंब गळायचे थांबले की पुन्हा ओता. असं तीनदा. पूर्ण वाळायची वाट बघायची नसते, फक्त गळणं थांबायला हवं. माझ्या आईला हे माहीत नव्हतं. तिने आयुष्यभर भर उन्हाळ्यात एकेका गोधडीला चार-चार हंडे घातले.

पाणी पाक आहे का

पाट, नदी, वाहता नाला यांचं पाणी नजासतीचा रंग, वास किंवा चव येईपर्यंत पाक असतं. खूप मोठ्या साठ्यालाही हाच हुकूम. दहा हात लांब आणि दहा हात रुंद, म्हणजे साधारण २२५ चौरस फूट, अशी हद्द उलेमांनी घातली आहे. जुन्या मशिदींतले हौज या हिशेबाने बांधलेले दिसतात. बुऱ्हाणपूर जुन्या खान्देशची राजधानी होतं. तिथल्या कुंडी भंडाऱ्याचं १६१५ च्या सुमारास सुरू झालेलं पाणी सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालच्या बोगद्यातून आजही वाहतं. फिकहच्या भाषेत तेही वाहतं पाणी.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी मात्र लहान साठा. तिच्यात उंदीर मरून पडला तर पाणी नापाक. उंदीर काढा, टाकी रिकामी करा, धुवा. दुसरा मार्ग असा, की वरून मोटरचं पाणी चालू ठेवून खालचे नळ सोडायचे आणि भरपूर पाणी वाहू द्यायचं. असं केल्यास उलेमा तिला वाहत्या पाण्याचा हुकूम देतात. उंदीर कधी पडला हे माहीत नसेल आणि तो फुगलेला असेल, तर मागच्या नमाजांचं काय करायचं हे जवळच्या आलिमांना विचारा. त्यात इमामांचे मतभेद आहेत, घरी बसून ठरवू नका.

गुस्ल

गुस्ल फर्ज होतो तो वासनेने वीर्य बाहेर आल्यावर, झोपेतून उठल्यावर कपड्यावर ते दिसल्यावर, नवरा-बायकोच्या संबंधानंतर (वीर्य न आलं तरी), आणि बाईला हैज (मासिक पाळी) किंवा निफास (बाळंतपणानंतरचं रक्त) संपल्यावर. वासनेच्या विचाराने येणारं पातळ चिकट पाणी म्हणजे मजी. त्याने फक्त वजू तुटतो, जागा आणि कपडा धुवावा लागतो. कितीतरी तरुण मुलं यासाठी रोज थंडीत आंघोळ करतात, आणि काही जण तेवढ्यावरून फजर सोडतात. दोन्हींची गरज नाही.

गुस्लचे फर्ज तीन : तोंडभर चूळ भरणं, नाकाच्या मऊ हाडापर्यंत पाणी पोहोचवणं, आणि सगळ्या अंगावर एकदा तरी पाणी वाहणं. साध्या आंघोळीत पहिले दोन राहून जातात, आणि मग गुस्ल झालेलाच नसतो. आधी हात, मग नजासतीची जागा, मग पूर्ण वजू, मग तीनदा डोक्यावर, उजव्या आणि डाव्या खांद्यावर पाणी. बेंबी, काखा, कानाच्या पाळ्या चोळा. चमकी आणि कानातल्या रिंगा फिरवून भोकात पाणी जाऊ द्या. बाईने घट्ट वेणी सोडायची गरज नाही, मुळं भिजली की पुरे. दातात भरलेलं सिमेंट काढायचं नसतं. अर्ध्या बादलीत सगळं होतं.

जनाबतच्या, म्हणजे गुस्ल फर्ज झालेल्या, अवस्थेत सहरी खाता येते, घरकाम करता येतं. रोजा होतो. फक्त फजरच्या वक्ताच्या आत गुस्ल करून नमाज पढा.

बायकांचे दिवस

हे जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः यात होरपळले आहे. बारा वर्षांची असताना मला पाच दिवस ओसरीत वेगळं बसवलं, ताट वेगळं, माठाला हात लावायचा नाही. वाटलं हाच इस्लाम. तो आजूबाजूच्या रिवाजातून घरात आलेला विटाळ होता. हजरत आयशा हैजमध्ये असताना पैगंबर (स.) त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून कुरआन पढायचे, आणि त्या ज्या जागी ओठ लावून पाणी प्यायच्या तिथेच ओठ लावून प्यायचे. त्यांनी आयशांकडे मशिदीतली चटई मागितली. त्या म्हणाल्या, मी हैजमध्ये आहे. उत्तर आलं की तुझं हैज काही तुझ्या हाताला लागलेलं नाही. तेव्हा भाकरी थापा, पाणी भरा, मुलांना जवळ घ्या, वेगळं ताट काढू नका.

हैजमध्ये नमाज माफ आहे आणि तिची कजा (नंतर भरून काढणं) नाही. रोजे सोडायचे, पण नंतर मोजून भरायचे. संबंध, कुरआनला हात लावणं आणि मशिदीत जाणं मना आहे. जिक्र, दुआ, दरूद चालू ठेवा.

हनफी मतात हैज कमीत कमी तीन दिवस-रात्री आणि जास्तीत जास्त दहा. दोन हैजमध्ये किमान पंधरा दिवस पाकीचे. तीनपेक्षा कमी किंवा दहाच्या पुढे आलेलं रक्त इस्तिहाजा, म्हणजे आजाराचं. त्यात नमाज पढायची, रोजा ठेवायचा. दहाच्या पुढे गेलं तर नेहमीच्या सवयीचे दिवस हैज धरून बाकीच्या नमाजा कजा करायच्या. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दरवेळी सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख टिपून ठेवा. तारखा माहीत नसल्या की कुठलाच आलिम नीट उत्तर देऊ शकत नाही. रक्त रेंगाळत असेल तर डॉक्टरलाही दाखवा.

बाळंतपणानंतरचा निफास जास्तीत जास्त चाळीस दिवस. कमीत कमीची हद्दच नाही. अठराव्या दिवशी रक्त पूर्ण थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू करायची. सव्वा महिना पूर्ण होण्याची वाट बघत बसणाऱ्या बायकांच्या कितीतरी नमाजा जातात.

अंगावरून पांढरं जात असेल तर गुस्ल लागत नाही, पण सर्वसाधारण फतव्याप्रमाणे वजू तुटतो आणि कपड्याला लागलेलं धुवावं लागतं. ते सतत चालू असेल तर शेवटी सांगितलेला माजूरचा (सतत त्रास असणाऱ्याचा) हुकूम लावा.

पाणी नसेल तेव्हा तयम्मुम

चारी बाजूंना साधारण १.८ किलोमीटरपर्यंत पाणी नसेल, किंवा आहे ते फक्त पिण्यापुरतं असेल, किंवा पाण्याने आजार वाढण्याची खरी भीती असेल तर तयम्मुम, म्हणजे मातीने पाक होणं. नळ आला नाही, पण रोजच्या भावात पाण्याचा जार मिळतो आणि ऐपत आहे, तर घ्यावा लागेल. अडवून दुप्पट भाव मागत असतील तर घ्यायची सक्ती नाही.

नियत करा की हे नमाजेसाठी पाक होण्याकरता आहे. दोन्ही तळहात पाक मातीवर मारा, झटका, पूर्ण चेहऱ्यावर फिरवा. पुन्हा मारा, आणि अंगठी काढून दोन्ही हातांवर कोपरांसकट फिरवा. पायांना काही करायचं नाही. गुस्लचा तयम्मुमही हाच. हजरत अम्मार बिन यासिर जनाबतसाठी सगळं अंग मातीत लोळवून आले होते, तेव्हा पैगंबरांनी (स.) हात मातीवर मारून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवून दाखवलं, एवढं पुरे होतं म्हणून.

काळी माती, वाळू, दगड, वीट, धाब्याच्या घराची पांढऱ्या मातीची भिंत, सगळं चालतं. भिंत शेणाने सारवलेली नको, ऑइलपेंटची नको. भुसावळहून लांबच्या गाडीत बसलात आणि डब्यातलं पाणी संपलं, तर आधी वक्तात पुढचं स्टेशन येतं का बघा. नसेल येत तर धूळ बसलेल्या बॅगेवर हात मारूनही होतं, धूळ हाताला दिसली पाहिजे. पाणी मिळालं की तयम्मुम संपला.

आजारी माणसाची नमाज

ज्याला थेंब थेंब लघवी, सतत वारा, वाहती जखम, इस्तिहाजा किंवा नळी आहे, आणि एका नमाजेच्या पूर्ण वक्तात वजू करून फर्ज पढण्याएवढीही मोकळीक मिळत नाही, तो माजूर. एकदा माजूर ठरला की पुढच्या प्रत्येक वक्तात तो त्रास एकदा जरी झाला तरी हुकूम चालू राहतो. एक पूर्ण वक्त त्रासाशिवाय गेला की संपतो.

त्याने वक्त सुरू झाल्यावर वजू करायचा. त्या वक्तात त्याच त्रासाने वजू तुटत नाही. दुसऱ्या कारणाने, जसं झोप लागल्याने, तुटतो. त्या एका वजूने फर्ज, सुन्नत, नफल, जुन्या कजा, सगळं पढता येतं, कुरआनला हात लावता येतो. वक्त संपला की नवा वजू.

नळी-पिशवीवाल्यासाठी आता मी घरोघरी हे सांगते. वक्ताआधी पिशवी रिकामी करा. नळीच्या तोंडाभोवतीची जागा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुसून कोरडी करा. पिशवी पलंगाच्या कडेला, कंबरेच्या खाली राहू द्या, नमाजेसाठी वर उचलू नका, लघवी उलटी फिरते. ती अंगाला जोडलेली आहे म्हणून नमाज अडत नाही. कपडा धुऊनही नमाज संपायच्या आत पुन्हा भरणार असेल, तर तो धुवायची सक्ती नाही. भरत नसेल तर पाक लुंगी वेगळी ठेवा, नमाजेपुरती.

वजू कुणी करवून दिला तरी होतो. उशाशी तसराळं आणि बधना ठेवा, नातवाने पाणी घालावं, आजोबांनी जमेल तेवढा हात फिरवावा. प्लास्टर किंवा पट्टी असेल तर तिच्यावर ओला हात. पाणी सोसत नसेल तर जवळ एक कोरी भाजलेली वीट ठेवा, तिच्यावर तयम्मुम. बसून पढा, बसवत नसेल तर पडून, पाय किब्ल्याकडे, गुडघे जमले तर थोडे वर उचललेले, डोक्याखाली उशी उंच करून चेहरा पश्चिमेकडे येईल असं. रुकूसाठी डोकं थोडं खाली, सज्द्यासाठी त्याहून जास्त. पलंग फिरवता येत नसेल तर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला.

आमच्या आजोबांचा पलंग दक्षिणोत्तर होता. फिरवायला दोन माणसं लागली असती.